बिनबोभाट इन्स्टॉलेशन

आमच्या टिल्लूची उंची सहा फूट आहे. नाव पाळण्यात असताना पडलं, पुढे ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. तो अंधशाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, तिथे सगळे त्याला सर म्हणतात, आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगितली. लोक ती आधी ऐकतात आणि मग पुढचं काही त्यांच्या कानात शिरतच नाही.

मी त्याची थोरली बहीण. एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर विभागात आहे. मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची, बिघडली की पुसून पुन्हा चढवायची, हेच माझं पोटापाण्याचं काम. कचेरीत ते सोपं असतं. सगळी मशीनं एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली. एकावर जमलं की सगळ्यांवर जमतं. शाळेचं तसं नाही. तिथलं प्रत्येक मशीन कुणीतरी दान दिलेलं. एकाच्या पोटात दोन डिस्क, दुसऱ्याचं साउंड कार्ड असं की त्याचं नाव त्याच्या बनवणाऱ्यालाही आठवणार नाही, तिसरं बाहेरून चकचकीत आणि आतून पार थकलेलं. दान आलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ती वस्तू कधी लावून पाहिलेली नसते.

मुलं पेनड्राइव्हमधून नाही नाही ते घेऊन येतात. मशीनं आजारी पडतात, स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम बंद पडतो, आणि तो बंद पडला की त्या वर्गात मशीन असलं काय आणि दगड असला काय, सारखंच. मग मी सुट्टीच्या दिवशी जायचे, एकेका मशीनसमोर बसायचे आणि सगळी नव्याने लावून यायचे. टिल्लू शेजारी बसून मला गोष्टी सांगायचा. मला ते दिवस आवडायचे, हे त्याला मी कधी बोलून दाखवलं नाही.

यंदा माझी बदली झाली. दूरच्या शहरात, बढतीवर. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या माणूस म्हणून वाईट नाहीत, पण हिशोबी. त्यांनी टिल्लूला बोलावून सरळ विचारलं, "ताई गेल्यावर वर्ग कसा चालणार? मशीन बसलं तर तुम्ही काय करणार?"  आणि लगेच मुदतही दिली. सुट्टी संपायच्या आत त्याने स्वतःच्या हाताने मशीन लावून दाखवायचं. जमलं तर वर्ग त्याचा. नाही जमलं तर वर्ग ऑफिसातल्या कारकुनाकडे, त्याला डोळे आहेत म्हणून, आणि टिल्लू परत वेताच्या विभागात. नोकरीची पहिली काही वर्षं टिल्लूने तिथे मुलांना खुर्च्या विणायला शिकवलं होतं. वाईट काम नाही ते. पण त्याला ते नको होतं, आणि नको असलेलं काम जन्मभर करणं काय असतं हे मला माहीत आहे, कारण आमच्या बाबांनी ते केलं.

त्याने हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी बोलते त्यांच्याशी."

"तू अजिबात बोलू नकोस."

"अरे पण त्या कारकुनाला काय येतं? माऊस धरताना त्याचा हात थरथरतो."

"ताई, तुमच्या कचेरीत तू एक बटण दाबून शंभर मशीनं लावतेस असं भाव खात सांगत असतेस ना? तसलं मला करून दे. भांडण मी माझं बघतो."

भाव मी खात असेन, पण शंभर मशीनं खरोखर तशीच लागतात. मशीन चालू केलं की ते स्वतःच्या डिस्ककडे न बघता आधी नेटवर्कवरच्या मुख्य मशीनला हाक मारतं. मुख्य मशीन त्याला नवी सिस्टीम पाठवतं आणि सोबत उत्तरांची एक फाईल. इन्स्टॉल होताना जे जे प्रश्न पडतात, कुठली भाषा, कुठली डिस्क, कुठला पासवर्ड, त्या सगळ्यांची उत्तरं त्यात आधीच लिहिलेली. माणसाने शेजारी बसायचीही गरज नाही. आमच्या धंद्यात याला फार मान आहे. जितकं गुपचूप होईल तितकं उत्तम.

शाळेत एक उत्तर सगळ्यांना लागू पडत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक जातीच्या मशीनसाठी वेगळे नियम लिहिले. दोन डिस्क असतील तर अमुक कर, हे कार्ड दिसलं तर तमुक ड्रायव्हर घे. त्या मशीनांनी माझ्या नाकी नऊ आणले. पण एके संध्याकाळी सगळी एकापाठोपाठ एक बिनबोभाट लागली आणि मी टिल्लूकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ते त्याला दिसणार नव्हतं, म्हणून बोलूनही दाखवलं.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं! एक प्रश्न विचारला नाही एकाही मशीनने."

"ते ठीक आहे. पण गेला अर्धा तास मी काय समजायचं होतं? चालू आहे, अडकलंय, का मेलंय?"

"अरे, स्क्रीनवर पट्टी सरकत असते ना..." मी म्हणाले आणि जीभ चावली.

तो हसला. तो हसला की मला अजून राग येतो.

तर पुन्हा पहिल्यापासून. आता ज्यांची साउंड कार्डं सुरुवातीलाच जागी होतात त्यांना मी बोलायला लावलं. 'डिस्क पुसतो आहे.' 'अर्धं झालं.' 'झालं.' ही वाक्यं माझ्या आवाजात भरते असं मी म्हटलं, तर म्हणाला, "नको. तुझा आवाज ऐकला की मुलं उठून उभी राहतील." मग यंत्राचाच तो नाकातला आवाज घेतला. काही मशीनं बोलत नव्हती पण आतून पीप करू शकत होती, त्यांना पीप शिकवलं. काहींना तेही येत नव्हतं. त्यांच्याकडे सीडीचा ट्रे होता. काम झालं की ट्रे बाहेर ढकलायचा, काही अडलं की दोनदा आतबाहेर करायचा, असं मी लिहिलं.

"म्हणजे जीभ दाखवणार," टिल्लू म्हणाला. हे त्याला इतकं आवडलं की त्याने तीच दोन मशीनं परत परत लावायला घेतली. हात पुढे करून बसायचा आणि ट्रे बोटांवर आदळला की लहान मुलासारखा खूश व्हायचा.

उरलं एक सडपातळ मशीन, त्याला ना आवाज ना जीभ. त्याच्यापुढे मी हात टेकले. टिल्लूच म्हणाला, "नेटवर्कवर तर आहे ना ते? मग शेजारच्याला सांगेल. तूच म्हणतेस ना, माझा नवरा स्वतः बोलत नाही, मलाच बोलायला लावतो?" नवऱ्याबद्दल मी असं म्हणते हे खरं आहे. ज्याचा ना आवाज सापडतो ना जीभ, त्याच्या वतीने शेजारच्याने बोलायचं, असा नियम मी लिहिला, आणि शेजारचं मशीन 'शेजारी अर्धं झालं' असं सांगायला लागलं.

मग त्याने एकट्याने लावून बघायचं ठरलं. मी घरी थांबायचं. थांबले, पण जीव टांगणीला लागला होता, भांडी घासताना सुद्धा फोन कट्ट्यावर ठेवला होता. दुपारी त्याचा फोन आला.

"खिडकीजवळचं लागत नाही. पीप नाही, काही नाही. पंखा फिरतोय नुसता."

"असं कसं? त्यानेच तर मला एकदाही त्रास दिला नव्हता."

"मला देतंय."

धावतपळत गेले. मशीन बंद करून चालू केलं. सुरळीत लागलं. "बघ," मी म्हणाले. त्याने ते बंद केलं, चालू केलं. अडलं. मी पुन्हा चालू केलं. लागलं. हे तीनचारदा झाल्यावर मला माझ्या अकलेची शंका यायला लागली, आणि टिल्लूने माझ्या मनगटावर हात ठेवला. "आता पुन्हा कर," म्हणाला. मी मशीन चालू केलं, आणि त्याच्या तळव्याखाली माझा हात आपोआप उचलला गेला आणि एंटरच्या बटणावर पडला.

मशीनच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली होती. चालू होताच ते पडद्यावर तशी एक ओळ दाखवत होतं आणि पुढे जाण्यासाठी एंटर दाबा म्हणत होतं. हे इतक्या सुरुवातीला घडत होतं की माझं इन्स्टॉलेशन तोवर सुरूच झालेलं नसायचं. ती ओळ मी दर वेळी वाचली असणार. वाचली आणि दाबलं आणि विसरले. ऑटोमॅटिक म्हणून मी जे मिरवत होते त्यात माझं एक बोट होतं आणि ते मलाच माहीत नव्हतं.

टिल्लू काही टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने मारला नाही. म्हणाला, "तुझी चूक नाही गं. तुला सवय आहे."

ते मला जास्त लागलं. पुढचे काही दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. त्याच्यापुढे चहा ठेवताना मी कपाचा कान त्याच्या बोटांना लावून देते. दुकानदाराने त्याला काही विचारलं की उत्तर मी देते. रिक्षात तो बसायच्या आधी मी पत्ता सांगून मोकळी झालेली असते. यात वाईट काय, असं मी माझ्याशीच भांडले. भावाला कप सरकवून दिला तर काय आभाळ कोसळतं? पण तो वेताच्या खुर्च्यांकडे परत जायच्या उंबरठ्यावर उभा होता आणि मी रिक्षावाल्याला पत्ते सांगत होते. मला स्वतःचा राग आला, आणि थोडा त्याचाही, इतकी वर्षं गप्प बसल्याबद्दल.

बॅटरी बदलली. मग सगळे मॉनिटर बंद केले, कीबोर्ड काढून कपाटात ठेवले आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून तपासलं. आणखी दोन ठिकाणी माझी बोटं सापडली. तीही काढली. आता सगळी मशीनं खरोखर एकट्या टिल्लूच्या हातून लागत होती, बोलत, पीप करत, जीभ दाखवत. वर्गात इतका गोंगाट व्हायचा की माझ्या कचेरीतल्या माणसांनी ऐकला असता तर माझी बढती रद्द झाली असती.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. माझं सामान अर्धं बांधून झालं होतं, ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. टिल्लूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने तीनचार मशीनं लावून दाखवली. ट्रे बाहेर आला तेव्हा बाई दचकल्या आणि मग हसू दाबत म्हणाल्या, "छान आहे."

मला वाटलं, झालं. गंगेत घोडं न्हालं.

"पण सर," बाई म्हणाल्या, "ही तर तुमच्या ओळखीची मशीनं. ताईंनी एकेकाची तयारी करून ठेवलेली. उद्या नवीन आलं तर? सकाळीच एक दान आलंय, ऑफिसात पडलंय. ते लावून दाखवा."

चूक म्हणता येणार नाही. मशीनं येतच राहणार होती. तरी त्या क्षणी मला बाईंचं तोंड बघवेना.

खोकं आलं. टिल्लूने हाताने चाचपून वायरी जोडल्या, चालू केलं. पंखा फिरला. शेजारचं मशीन काही बोललं नाही. त्याने थांबून पाहिलं, वायर काढून दुसरी लावली, पुन्हा चालू केलं. शांतता. मी मागून पडदा बघत होते आणि मला सगळं कळत होतं. ते मशीन नेटवर्ककडे बघतच नव्हतं, थेट स्वतःच्या डिस्ककडे जात होतं. सुरुवातीच्या मेनूत शिरून क्रम बदलला की झालं, मिनिटभराचं काम. पण तो मेनू कुठल्याच मशीनवर बोलत नाही. तिथे अजून सिस्टीमच नसते, बोलणार कोण? जुन्या मशीनांवर तो क्रम मीच सुरुवातीला बदलून ठेवला होता. नवीन मशीन येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझे हात असे शिवशिवत होते की ते मी मांडीखाली दाबून बसले. बाई माझ्याकडे बघत होत्या.

टिल्लू वळला. "बाई, हे मशीन नेटवर्कला हाकच मारत नाहीये, आधी मेनूतून बदलावं लागेल. तो मेनू बोलत नाही. ताई, इकडे ये."

मी उडी मारूनच पोचले, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि कीबोर्डला हात घातला. त्याने तो माझ्या हाताखालून ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"वाच फक्त," म्हणाला.

मी वाचलं. तो बाण दाबायचा, मी उजळलेली ओळ वाचायचे. तारीख. भाषा. सुरक्षा. "खाली," मी म्हणाले. "खाली का वर ते मी ठरवेन, तू वाच." दोन पानं भटकून तो नको तिथे गेला, मी ओठ चावून वाचत राहिले, तो परत फिरला. वेळ लागत होता. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"सर, म्हणजे शेवटी डोळे लागतातच ना?" त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या. "आणि ताई तर उद्या चालल्या."

मला वाटलं, गेलं सगळं. मी तोंड उघडलं, बाईंना चार गोष्टी सुनवायला, आणि टिल्लूने ते ओळखलं, कारण त्याने माझ्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं.

"लागतात की, बाई," तो म्हणाला. "नवीन मशीन आलं की एकदा लागणार. वाचायला. ते काम कुणीही करू शकतं, ताईच लागते असं नाही. तुम्ही वाचता का?"

बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळायला नकोच. कळणारं माणूस असलं की ते मधेमधे बोलतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ऊठ. बाईंना बसू दे."

मी उठले. बाई माझ्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, आणि पहिलीतल्या मुलासारख्या एकेक अक्षर लावून वाचायला लागल्या. उच्चार असे की मला हसू आवरेना. टिल्लू ते दुरुस्त करून समजून घेत होता, बाण दाबत होता. मध्येच बाई ओरडल्या, "अहो थांबा, पुढे गेलात! ते नेटवर्क का काय ते मागे राहिलं!" आणि त्या खुर्चीच्या टोकाला सरकल्या. परीक्षा घ्यायला आल्यात हे त्या विसरल्या होत्या.

"हं, आता हेच का? पक्कं?"

"वाचा बघू पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचलं. त्याने बटण दाबलं. मशीन बंद होऊन चालू झालं, आणि थोड्या वेळाने शेजारच्या मशीनने नाकातून सांगितलं, 'शेजारी डिस्क पुसतो आहे.'

बाईंनी चष्मा काढला. "वेताच्या वर्गाला मग दुसरं कुणीतरी बघायला हवं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. टिल्लूने मान डोलावली, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खूश झाला की लहानपणापासून त्या तशाच होतात.

मी तिथेच उभी होते. त्याचा वर्ग वाचला होता, त्यासाठीच तर मी महिनाभर डोकं फोडून घेतलं होतं. आनंद झालाच. पण त्या आनंदात एक दुखरा तुकडा होता आणि तो मी नाकारणार नाही. 'ताईच लागते असं नाही' हे त्याने किती सहज म्हटलं! मी शब्द तयार ठेवले होते, सांभाळून राहा, अडलं तर कधीही फोन कर, असले. ते कुठे ठेवायचे मला कळेना.

"ताई," टिल्लू मान न वळवता म्हणाला, "तुझं सामान बांधायचं राहिलंय ना? जा तू. हे लागायला अजून वेळ आहे."

"कसं जाऊ? निरोप तरी..."

"संध्याकाळी येतोच आहे मी, खोकी उचलायला. एकटा येतो, घ्यायला येऊ नकोस."

मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले आणि उगीचच मागे पाहिलं. त्या दोघांची डोकी त्या मशीनवर वाकलेली होती आणि बाई विचारत होत्या, "अर्धं झालं म्हणाला का हो तो? का मला ऐकू आलं नाही?"

बाहेर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे जायचं?" आणि मला घरचा पत्ता सांगायला बराच वेळ लागला, कारण मी रडत होते.